हौदातली फळी

फळी जागेवर नव्हती. राजेश्रीनं सगळा कोपरा धुंडाळला. चारठाण्यातल्या या सुतारकामाच्या छपरात तिच्या वस्तूंना कुणी हात लावत नसे. वडील, दत्तराव, तर दोन वर्षं तिच्या कोपऱ्याकडे बघतही नव्हते. पोरीच्या जातीनं रंधा धरला, हेच त्यांना झोंबलं होतं. शेवटी त्यांनी अट घातली: यंदा पुण्याची सुतारकामाची परीक्षा पास झालीस तर ठीक, नाहीतर देवगाव फाट्याचं स्थळ.

परीक्षा परवावर आली होती. परीक्षेत दाखवायची खुर्ची तयार होती, फक्त पाठ राहिली होती, आणि पाठीसाठी ॲशची ही एकच फळी. परदेशी लाकूड, भट्टीत वाळवलेलं. ओंडक्याच्या आधी चार फाका करून मग चिरलेलं, म्हणून रेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. अख्खा परभणी जिल्हा पालथा घातला तरी दुसरी मिळाली नसती.

"आबा, माझी फळी बघितली का?"

दत्तराव चक्क हसले आणि तिला मागच्या हौदाशी घेऊन गेले. फळी पाण्यात बुडवलेली, वर दगड.

"काल तू जिंतूरला गेलीस तवाच ठिवली. माझ्या पयल्या लाकडाला तुझ्या आज्यानं आसंच पान्यात ठिवलं व्हतं. म्हनलं, पोरगी सुतारच व्हायलीय, तर रीतीनं होऊ दे."

बाभळीला, लिंबाला ही रीत ठीक. ओलं लाकूड पाण्यात मुरलं की कीड लागत नाही. हे पांढरंफटक लाकूड त्यांना ताजंच वाटलं असणार; पण भट्टीत वाळवलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाया जातं. राजेश्रीला किंचाळावंसं वाटलं. दोन वर्षं ज्या मायेची वाट बघितली, तीच मुळावर आली होती.

"लय चांगलं केलंत, आबा," ती कशीबशी म्हणाली.

फुगलेली फळी तिनं बाकावर चढवली. दत्तरावांनी आपण होऊन दुसरं टोक धरलं. पहिल्याच हाताला रंध्यात ओला लगदा अडकला. दत्तरावांचा चेहरा उतरला. लाकडात जन्म गेलेला माणूस, त्याला काय सांगायचं?

"राजे, ह्ये वाळवून आनलेलं व्हतं?"

"हो."

"मग परवापतूर..."

"न्हाई वाळायची."

"पाव्हन्यांला शब्द दिलाय गं मी." फळीवरची त्यांची पकड सैल झाली होती.

राजेश्रीनं रंध्याचं पातं पुसलं, मग डोळे पुसले आणि रंधा पुन्हा फळीवर ठेवला.

"घट्ट धरा, आबा," ती म्हणाली. "फळी हलायलीय."