मूत्रपिंड नेणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. अंगावर ओरखडे, एक कडी वाकडी. बाजारात मला कुणी मासे ठेवायलाही घेणार नाही. पण कझाकस्तानच्या या माळरानावर मी मेलेल्यांच्या खाटेपासून निघते आणि जगू पाहणाऱ्यांच्या दारी जाते. वाटेत माझ्या पोटात जे असतं, त्याचा माणूस गेलेला असतो. ते मात्र वाट बघत असतं. मला अजूनही त्याची भीती वाटते.

मूत्रपिंड आधी गार द्रवाच्या पिशवीत, ती पिशवी दुसरीत, मग भोवती बर्फाचा चुरा. बर्फानं त्याला शिवायचं नाही. ते गार राहायला हवं, पण गोठलं की संपलं.

त्या जानेवारीत शहरातल्या इस्पितळात गुलझान नावाची शिक्षिका माझी वाट पाहत होती. तिला बसवायचं मूत्रपिंड माझ्यात होतं. वाटेत बर्फाचं वादळ सुटलं आणि रस्ता बंद झाला. बर्फ हटवणारं यंत्र बोलवायला माझ्यासोबतच्या डॉक्टर राउशान पुढे अडकलेल्या ट्रकांकडे गेल्या. गाडीत म्हातारा चालक दोसिमबेक आणि मी उरलो.

हीटर चालू होता. दोसिमबेक माझ्याकडे बघून काळजीत पडला. हिवाळ्यासाठी कापलेलं घोड्याचं मांस, त्यांचं सोगीम, त्याच्या घरी बाहेरच्या खोपटात वसंतापर्यंत टिकतं. त्यानं मला बाहेर नेलं, बर्फात ठेवलं आणि वरून ओंजळी ओंजळीनं बर्फ थापला. अगदी मायेनं.

बाहेर काहीच नव्हतं. गाडी हाताच्या अंतरावर असून दिसेना. वारा माझ्याभोवती फिरत झाकणाची फट चाचपत होता. त्याला आत यायचं होतं. आतला चुरा एकमेकांना चिकटून कडक होऊ लागला, पिशवी आवळू लागला. मला ओरडायचं होतं. पेटीला तोंड असतं, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

बऱ्याच वेळानं राउशान परतल्या. दोसिमबेकला त्या आदरानं आगाय, म्हणजे काका, म्हणत.

"आगाय, पेटी कुठंय?"

"बाहेर ठेवलीय, पोरी. आत उबेनं खराब झाली असती की."

"बाहेर? अहो, ते काय सोगीम आहे?"

"मांस ते मांस. गार तितकं बरं."

"सोगीम मेलेलं असतं, आगाय. हे जिवंत आहे. आधी खणा."

मी पुरती बुजले होते. दोघं गुडघ्यांवर रांगत मला चाचपत राहिले. सापडले, तेव्हा माझ्यातल्या तापमापकाचा काटा गोठणबिंदूच्या जरासाच वर होता. दोसिमबेकनं अंगातला कातडी कोट काढून मला गुंडाळलं.

"पोरी, मी त्या बाईला मारलं का गं?"

"ठाऊक नाही," राउशान म्हणाल्या.

रस्ता मोकळा झाला, आम्ही पोहोचलो. मूत्रपिंड शिवून झालं, रक्त सोडलं, तरी ते राखाडीच राहिलं. मग कडेनं गुलाबी रंग चढत गेला.

राउशान बाहेर आल्या. दोसिमबेक भिंतीशी उकिडवा बसला होता.

"आगाय, लघवी उतरली."

म्हातारा तोंडावर टोपी धरून रडला.

मित्रांनो, मला सांभाळा. माया कराल, तीही आधी विचारून करा. आत जे असतं, ते थंडी वाजली तरी सांगू शकत नाही.