रविवारचा बॅट्समन

"दुसरी सुटीच नाय, मनाशे, तर मी आनू कुठून?" एफ्राईमने चहाचा कप खाली ठेवला.

एफ्राईम इस्रायलमधल्या लोद गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. मुंबईपासूनचा दोस्त. हैफाच्या गोदीतली आपली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मुलं टीम घेऊन येणार होती आणि लोदला एक भरवशाचा बॅट्समन हवा होता. मॅच शनिवारी होती. मनाशे रोहेकर मात्र शनिवारी, शब्बाथच्या पवित्र दिवशी, बॅटला हात लावत नसत.

हा हट्ट आजचा नव्हता. त्यांचे आजोबा रोह्याला मोहाची दारू गाळत. मूळचे तेली, घाणा सोडून त्यांनी परवान्याची भट्टी लावली, पण शनिवार काही सोडला नाही. शुक्रवारी दिवस मावळला की भट्टी विझायची. एका गोऱ्या साहेबाने शनिवारी माल मागवला तेव्हा आजोबांनी 'भट्टी थंड आहे' एवढाच निरोप धाडला होता. ही हकिकत रोहेकरांच्या घरातला प्रत्येक जण स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगे. पुढे दारूबंदी आली आणि भट्टी कायमची विझली.

मनाशेंचं क्रिकेट मात्र मुंबईत बहरलं. मॅच शनिवार-रविवारची असायची. शनिवारी त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी फील्डिंगला उभं राही. रविवारी सकाळी हे पांढऱ्या पँटला कडक इस्त्री करून हजर. शनिवारी आपली बॅटिंग आली तर भराभर विकेट पडू नयेत, अशी कॅप्टन देवाची करुणा भाकायचा. मैदानावर त्यांचं नावच पडलं होतं, रविवारचा बॅट्समन. अशा अर्ध्या माणसाला मोठ्या टीममध्ये कोण घेणार? कुणी घेतलं नाही. मनाशेंना वाईट वाटायचं, पण पुढचा रविवार फार लांब नसायचा.

मग सगळे आपल्या लोकांच्या देशात आले. इथे अख्खा देश शनिवार पाळतो, याचं मनाशेंना कोण अप्रूप! पण रविवारी सकाळी इथे बिअरच्या कारखान्याचा भोंगा वाजतो आणि मनाशेंना बाटल्या धुण्याच्या मशीनपाशी उभं राहावं लागतं. खेळायला मोकळा दिवस एकच, तोही नेमका शनिवार. परक्यांच्यात राहून आयुष्यभर खेळलो, आपल्यांच्यात आलो नि बॅट कपाटावर गेली. मुंबईत बोटीची वाट बघताना हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांनीच तोड काढली होती. स्वातंत्र्यदिनी खेळू, सगळ्यांनाच सुटी. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी निम्मी मुलं सैन्याच्या ड्यूटीवर आणि उरलेली बायकापोरांना घेऊन झाडीत मांस भाजायला गेली. मनाशे दुपारपर्यंत मैदानावर एकटे बसले आणि घरी आले.

एफ्राईम निघून गेल्यावर अबिगेल, त्यांची बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "खेळा ना एकदा. गुडघे आता कुरकुरायला लागलेत तुमचे. पुढच्या वर्षी नाय जमलं तर? आनि हितं कोन बगतंय?"

मनाशेंनी कपाटावरच्या बॅटकडे पाहिलं.

"कोन नाय बगत," ते म्हणाले. "मी बगतो ना."

अबिगेलने ताटातला खडा काढून टाकला. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

शनिवारी देवळातली, म्हणजे सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपल्यावर मनाशे सणाच्या कपड्यांतच पायी मैदानावर गेले. बघायला काय हरकत आहे? निलगिरीच्या सावलीत, सीमारेषेच्या बाहेर ते उभे राहिले. त्यांच्या जागी नॅथन नावाचा तरणा पोरगा खेळत होता. लहानपणीच इकडे आलेला, मराठी कळायची, बोलायचा हिब्रू. हैफाची बॅटिंग बघताना मनाशे प्रत्येक चेंडूला मनातल्या मनात एक पाऊल पुढे टाकत होते. किती दिवसांनी तो टोल्याचा आवाज कानावर पडत होता!

इतक्यात हैफाच्या एका धिप्पाड गड्याने चेंडू उचलून मारला. तो थेट मनाशेंच्या दिशेने आला, छातीच्या उंचीवर, सोपा. असे चेंडू त्यांनी मुंबईत बोलता बोलता झेलले होते. त्यांचे गुडघे आपसूक वाकले, तळवे उघडले. एकदा हात लागला की मग खेळलोच. शेवटच्या क्षणी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली. चेंडू खांद्यावर आदळून बुटांपाशी पडला.

हैफाची मुलं खो खो हसली. नॅथन धावत आला. "मा कारा, साबा?" त्याने विचारलं. आजोबा, झालं तरी काय? साधा चेंडू दिसला नाही?

खेळपट्टीजवळ उभा असलेला एफ्राईम हसला नव्हता. तो खाली बघत बुटाने माती सारखी करत होता.

खांदा ठणकत होता. पोरांच्या हसण्याची कळ त्याहून जास्त होती.

"वय झालं, बाबा," मनाशे म्हणाले आणि त्याला चेंडू उचलता यावा म्हणून जरा बाजूला सरकले. हात त्यांनी मागेच ठेवले.