डॅरिन कुठे आहे?

डोर्ला मिहालिकचा नवरा हयात होता तेव्हाही घरात त्याच्यापेक्षा स्कॅनरच जास्त बोलायचा, असं ती स्वतःच हसत सांगायची. नवरा गेला, स्कॅनर एकाचे तीन झाले. एक उशाशी, एक गाडीत आणि एक स्वयंपाकघराच्या खिडकीत, पिठाच्या डब्याला टेकवलेला. पोलीस, आगीचे बंब, रुग्णवाहिका, सगळ्यांचं वायरलेसवरचं बोलणं त्यातून ऐकू यायचं आणि ऐकलेलं ती ताबडतोब फोनवरून आपल्या फेसबुकच्या पानावर टाकायची. कोलब्रुकची वस्ती आठ हजार, आणि त्यातले सहा हजार लोक तिच्या पानाला चिकटलेले. दुसऱ्याच्या घरात काय पेटलंय हे जाणून घ्यायची हौस कुणाला नसते? डोर्लाला ती जरा जास्त होती, एवढंच.

एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. त्यामुळे वायरलेसवरचे पोलिसांचे नंबर तिच्यासाठी नुसते नंबर नव्हते. नऊ नंबर म्हणजे शेंबड्या ग्रेडी. सात नंबर म्हणजे डॅरिन पेट्राक, अर्डिस आणि स्टॅनचा एकुलता एक. त्याला बस लागायची, म्हणून सहा वर्षं तो तिच्या पाठीमागच्याच सीटवर बसून आला होता. आता तो सव्वीस वर्षांचा होता आणि कमरेला पिस्तूल लावून हिंडत होता.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे शुक्रवार चालू होते. चर्चमधल्या बायकांनी डोर्लाला वीस डझन पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करायला सांगितल्या होत्या. ती बटाट्याचं सारण भरत असताना स्कॅनरची शिट्टी वाजली आणि पोलीस कंट्रोल रूमची जोलीन बोलू लागली. फर्नेस स्ट्रीट, दोनशे बारा. गोळीबार. बाईचा फोन आला होता आणि मधेच तुटला.

दोनशे बारा म्हणजे रॉयस टॅगर्टचं घर. रॉयसचा ट्रक होता, मोडक्या गाड्या ओढून नेणारा. त्या धंद्यात अपघाताच्या जागी जो पहिला पोचतो त्यालाच काम मिळतं, म्हणून त्यानं डोर्लाच्या पानाला घंटी लावून ठेवली होती. तिनं काही टाकलं की त्याच्या खिशात टिंग वाजायचं. तिच्या छपरावरचा ॲंटेनासुद्धा त्यानंच चढून बसवला होता. हे सगळं डोर्लाला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

तिनं पिठाचे हात ॲप्रनला पुसले आणि पत्ता टाकला.

पहिली गाडी पोचली तेव्हा रॉयसची बायको रांगत अंगणात आली होती. खांद्याचा मागचा भाग गोळीनं उघडा पडला होता. ग्रेडीनं तिला कॉलरला धरून फरफटत रस्त्यापलीकडे नेलं, आणि तेवढ्यात आतून आलेल्या गोळ्यांनी पोलिसांच्या गाडीच्या काचा फुटल्या. आता घरात रॉयस एकटा होता, हरणं मारायची रायफल आणि खोकंभर गोळ्या घेऊन. डोर्ला ऐकत होती, टाकत होती. दहा मिनिटांत चारशे जणांनी खाली काहीबाही लिहिलं. कुणी देवाचा धावा केला, कुणी विचारलं की बारचा रस्ता बंद आहे का.

त्या गर्दीत अर्डिसनं लिहिलं होतं, "डोर्ला, डॅरिन कुठे आहे? फोन उचलत नाही गं."

डोर्लाला स्वतःला मूल नव्हतं, पण आईचा जीव कसा टांगणीला लागतो ते तिनं रोज सकाळी बसच्या दारात पाहिलं होतं. दोनच मिनिटांपूर्वी वायरलेसवर आलं होतं की सात आणि नऊ ओढ्याच्या बाजूनं मागे, शेजारच्या हटालांच्या गॅरेजपाशी गेलेत. ती अर्डिसला एकटीला कळवू शकली असती. पण बाकीच्या पोलिसांच्याही आया, बायका असतीलच वाचत, असं मनात आणून तिनं सगळ्यांसाठी लिहिलं: "सात नंबर सुखरूप. घराच्या मागे, हटालांच्या गॅरेजच्या आडोशाला आहे. पुढच्या दारापासून लांब." शेवटी एक लाल बदामसुद्धा टाकला. चांगलं काम केल्यासारखं वाटून ती पुन्हा पिरोगीकडे वळली.

दुसरी पिरोगी मिटायच्या आत गोळ्या सुटल्या. एकामागून एक चार.

मग कुणाचं तरी वायरलेसचं बटण दाबलेलंच राहिलं आणि स्वयंपाकघरात श्वास ऐकू येऊ लागला. ओला, गुळगुळणारा श्वास. कुणी बुडताना घेतो तसा. त्यावर ग्रेडीचा आवाज चढला. "सात पडला! मानेत लागलीय. रक्त थांबत नाहीये. मागच्या खिडकीतून मारतोय तो, मला डोकं वर काढता येत नाही." आणि मग, रडकुंडीला येऊन, "सरळ गॅरेजवरच मारल्या त्यानं. त्याला कसं कळलं?"

डोर्लाला टिंग ऐकू आलं. कानात नव्हे, डोक्यात.

तिनं कंट्रोलला फोन लावला. सगळ्या लाइनी अडकलेल्या. परत लावला, तेच. खिडकीतला श्वास आता मोजून येत होता. टाकलेलं पुसावं म्हणून तिचा अंगठा पुढे गेला आणि थांबला. पुसून काय होणार होतं? रॉयसनं वाचलं होतं. पण म्हणजे पुढचंही तो वाचणार होता.

पिठाळ बोटांनी तिनं लिहिलं: "पोलीस पुढचं दार फोडून आत शिरतायत. मागे कोणी उरलं नाही."

बटण दाबलं आणि ओट्याची कड धरून ती उभी राहिली. आपण एका माणसाला मरायला बोलावतोय हे तिला नीट कळत होतं. त्यानं जावं, लवकर जावं, एवढंच तिला हवं होतं.

"हलला," स्कॅनरवर कुणीतरी म्हणालं. "पुढच्या खिडकीत आलाय. दिसतोय." तीन आवाज झाले. "पडला. डोकं उडालंय त्याचं. पडला."

ग्रेडीनं डॅरिनला गवतातून ओढत रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. रुग्णवाहिका पुलावर पोचायच्या आधीच डॅरिन गेला.

तपासाला आलेल्यांना रॉयसच्या हाताखाली फोन सापडला. त्यात डोर्लाचं पान उघडंच होतं. ते तिच्याकडे आले, तिनं काही लपवलं नाही, आणि ते तिच्या त्या शेवटच्या दोन पोस्टचे कागद काढून घेऊन गेले. चारशे कॉमेंट चिवडायची त्यांना गरज नव्हती. गाव मात्र पेटलं. दुसऱ्या पोस्टनं ग्रेडी वाचला हे कुणी बोललं नाही. पहिलीनं डॅरिन मेला हे सगळे बोलले. तिच्या गाडीच्या चारही टायरांत कुणीतरी सुरा खुपसला. पिरोगी चर्चनं परत पाठवल्या.

मंगळवारी डॅरिनला पुरलं. डोर्ला कुठल्या तोंडानं जाणार? ती खिडकीशी बसून राहिली. अशा वेळी कंट्रोल वायरलेसवरून गेलेल्याला शेवटची हाक मारतं. जोलीननं मारली. "सात नंबर." कोणी बोललं नाही. "सात नंबर, डॅरिन पेट्राक." तिसऱ्या हाकेला जोलीनचाच आवाज चिरकला. मग तिनं, आता त्याची पाळी संपली, असं सांगून टाकलं.

तासाभरानं अर्डिस आली. अंगावर काळा झगा, बुटांना दफनभूमीचा चिखल. दार उघडताच तिनं डोर्लाच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. तिसरीला अंगठीनं ओठ फाटला. डोर्लानं हात वर केले नाहीत. अर्डिसनं खिडकीतला स्कॅनर उचलून फरशीवर आपटला, टाचेनं चेचला, आणि चेचता चेचता त्या तुकड्यांतच मटकन बसली.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"तू आई आहेस, अर्डिस. तू विचारणारच. सांगितलं मी."

"स्टॅनला ठाऊक नाही. त्याला स्वतःचं फेसबुक नाही, तो माझा फोन घेऊन बसलाय. हातातून सोडत नाही. कोण काय बोललं ते पहिल्यापासून वाचतोय, एकेक. काल रात्री दोनशेपर्यंत आला होता." तिनं वर पाहिलं. "माझं पुढे आहे. तो मला घरात ठेवणार नाही, डोर्ला. त्यानं ठेवलं तरी मी त्याच्यासमोर कशी बसू?"

स्टॅन पेट्राकला डोर्ला ओळखत होती. पोलादाच्या भट्टीवर काम केलेला माणूस, एकदा मनात धरलं की मरेपर्यंत न सोडणारा. ओठातलं रक्त बाहीला पुसत तिनं फोन उघडला. अर्डिसचा प्रश्न शोधला आणि पुसला. मग वर जाऊन पाहिलं. तिची स्वतःची पोस्ट जागेवर होती, लाल बदामासकट. आता ती अशी दिसत होती, जणू कोणी न विचारता एका म्हातारीनं तोंडाला येईल ते गावाला सांगून टाकलं होतं.

"तुझी पण पूस ना," अर्डिस म्हणाली.

"माझी राहू दे. मी पुसली तर तो आणखी खोदेल."

अर्डिसनं आभार मानले नाहीत, आणि तेच बरं झालं. ती भिंतीला धरून उठली आणि गेली.

उजेड असतानाच स्टॅन आला. अंगावर दफनाचाच कोट होता आणि हातात डॅरिनची शाळेतली बॅट. डोर्लानं जाळीचं दार लावलं नव्हतं. तो आत येऊन ओट्याशी उभा राहिला, पायाखालच्या तुकड्यांकडे त्याचं लक्षही गेलं नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो हळू बोलला.

"सगळं वाचलं मी. शेवटपर्यंत. एकच विचारतो. माझा मुलगा कुठे उभा आहे, हे तुला कोणी विचारलं होतं का?"

"नाही, स्टॅन," डोर्ला म्हणाली. "कोणीच विचारलं नव्हतं."

त्यानं मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं. मग त्यानं कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बॅट दोन्ही हातांत धरली. डोर्लानं चष्मा काढून ओट्यावर ठेवला.