भिंत नसलेला दरवाजा

पहाटेच्या खारट, कोवळ्या उजेडात एक तळहात मातीच्या खांबावर टेकतो आणि क्षणभर तिथेच विसावतो. अबू खालिद, म्हणजे खालिदचा बाप, आठवला की मला आधी हा तळहात दिसतो. कुवेतची जुनी तटबंदी तेव्हा नुकतीच पाडली होती. रस्ते रुंद झाले, मोटारी आल्या, आणि मागे उरले ते नुसते दरवाजे, दोन्ही अंगांना मोकळं आभाळ घेऊन उभे. सारं शहर त्यांना वळसा घालून जाई. माझ्या कापडाच्या दुकानाशेजारी मसाले विकणारा हा म्हातारा मात्र रोज दरवाजातूनच येई. वाळवंटातून शहरावर स्वारी आली त्या साली या दरवाजालगतची भिंत बांधायचं काम त्याच्या मोहल्ल्याच्या वाट्याला आलं होतं, आणि ऐन तारुण्यात त्याने तिची ओली माती डोक्यावरून वाहिली होती.

मला त्याचा हेवा वाटे. पोटात दुखे म्हणा ना! दाभोळजवळचं आमचं घर बापाने बांधलं, गावची मशीद आजोबांच्या पिढीने. माझ्या हातची माती जगात कुठेच लागली नव्हती.

एकसष्टच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशाने रेडिओवरून हा मुलूख आपलाच असल्याचं सांगितलं. मदतीला परकी पलटण उतरली, नव्या बंदुका आल्या. पण शहराच्या वेशीवर वाळूची पोती रचायची वेळ आली तेव्हा अबू खालिदने पोरांना जुन्या भिंतीसारखंच काम वाटून दिलं. ज्या मोहल्ल्याने जी बाजू बांधली होती, ती बाजू त्याची. बापआजांची नावं घेऊन तो एकेकाला हाकारत होता.

"आपल्याला काय करायचाय त्यांच्या लढाईत? आपुन पोटासाठी आलेली मानसां," माझ्या खोलीत राहणारा, कोकणातलाच हसन म्हणाला. तरी मी गेलो. एक पोतं खांद्यावर घेतलं. माझंही नाव कुणी हाकारावं, एवढंच मला हवं होतं.

म्हाताऱ्याने पोतं हळूच उतरवलं, मला सावलीत बसवलं, स्वतःच्या हाताने कॉफी दिली. तरुणपणी गलबतावरून मुंबईला जाऊन शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "तुम मेहमान हो, भाई. मेहमान बोझा नहीं उठाता."

केवढा मान! मी जळफळत बसलो. पुरे म्हणायला इथे रिकामा पेला हलवतात; रागाच्या भरात मी तेही विसरलो, आणि तो ओतत राहिला. समोर पोरांच्या पाठी घामाने चमकत होत्या.

हल्ला झालाच नाही. पोती वाऱ्याने फाटली, पुढे अबू खालिदही गेला. आता सैन्याच्या गणवेशातला खालिद त्या दरवाजातून जातो आणि जाता जाता त्याच खांबावर तळहात टेकवतो. मी वळसा घालून दुकान गाठतो.

काळ भिंती नेतो, भिंती बांधणारे नेतो. त्यांच्या हातची माती तेवढी मागून येणाऱ्यांच्या हातांत उतरत राहते. माझे हात अजून स्वच्छ आहेत.