रिकामी बाज

मित्रांनो, मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझे पाय बघितलेत तरी कळेल, वाळवीने चारही चाखून ठेवलेत. मी एक बाज आहे. बाज म्हणजे खाटच, पण साध्या खाटेवर कुणीही येऊन पसरतं. माझ्यावर निजायची ती बाळंतीणच. हल्ली तुळसा सुईणीच्या पडवीत मला भिंतीला टेकवून उभी केलेली असते आणि माझ्या दांड्यावर कोंबड्या बसतात. बसू देत. कोंबडीही आईच असते.

संगमेश्वरच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून आमची वाडी आहे. तिथल्या सदू सुताराने वादळात पडलेल्या फणसाच्या लाकडातून मला घडवलं. त्याची सून अवघडलेली होती आणि घरातली जमीन ओलसर. बाळंतिणीला गारवा लागू नये एवढाच त्याचा हेतू. त्याने मला सुंभाने घट्ट विणलं आणि वर स्वतः बसून बघितलं. मी कुरकुरले नाही. सदू खूश झाला. सून बाळंतपणातून उठली तशी शेजारीण मला मागून घेऊन गेली, तिच्याकडून पुढची. मला कुणी विकत घेतलं नाही आणि कुणी परतही केलं नाही. मी वाडीची झाले.

बाळंतपण माझ्यावर होत नसे, हे नीट ऐका. ते खाली, सारवलेल्या जमिनीवर, गोणपाटावर. तुळसा बाईच्या पायाशी बसायची. बाईने ओठ दाबून धरले की तिच्यावर खेकसायची, "ओरड गो बाय, ओरड! घर तुझाच हाय. कोन नाक मुरडताय ता मी बघतंय!" मूल रडलं की बायका बाळंतिणीला उचलून माझ्यावर ठेवत. माझ्याखाली शेगडी येई. निखाऱ्यावर ओवा नि बाळंतशोपा पडत, धूर माझ्या सुंभातून वर चढे आणि बाई डोळे मिटून म्हणे, "आता बरा वाटला." मग तिच्या कुशीत मूल. सोललेल्या दोन नारळांएवढं वजन. मित्रांनो, माझ्यावर धडधाकट माणसं बसून गेलीत, त्यांची मला आठवणही नाही. ते दोन नारळांचं वजन मात्र सुंभाच्या पेडापेडाला आठवतं. सव्वा महिना ते माझ्यावर असायचं आणि रोज मला कळायचं की काल होतं त्याहून आज कणभर जड आहे.

माझ्याबद्दल वाडीत एक नियम होता. घरात आलेली बाज रिकामी सोडायची नाही. नववा लागला की मला घरी आणत आणि त्या दिवसापासून बाई माझ्यावरच निजे. सव्वा महिन्यानंतर मला बाहेर काढतानाही माझ्यावर नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवत. रिकामी बाज म्हणजे रिकामा पाळणा, असं म्हणत. कुणी पहिल्यांदा म्हटलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या गोष्टीचा जन्मदाता कुणाला ठाऊक नाही, तीच लोक सगळ्यात घट्ट धरून ठेवतात.

गेल्या गणपतीला शमिका नावाची एक मुंबईकरीण पडवीत आली. कोंबड्या हाकलून तिने माझे फोटो काढले आणि म्हणाली, "किती नॅचरल होतं ना सगळं! घर, आपली माणसं, हा धूर. दवाखान्यात नुसतं घाबरवतात." मला तोंड असतं तर तिला तिथेच विचारलं असतं, बाई, तू सीतेला ओळखतेस का?

सीता ही वाडीतल्या जानूची बायको. गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. हसरी, काटक. नववा लागला आणि मी तिच्या घरी गेले. तिच्या पायांवर सूज आली तेव्हा जानूनेच तिला खाली संगमेश्वरला डॉक्टरकडे धाडलं. परतीची एसटी चुकली. ती रात्र ती नातेवाइकांकडे राहिली आणि मी घरात रिकामी राहिले. झालं ते एवढंच.

पुढे तिला मुलगा झाला. अनिल. छान रडला. सीतेला माझ्यावर ठेवलं आणि तिचं रक्त थांबेना. तुळसाने पोट चोळलं, मुठी दाबल्या, तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. रक्त गोधडीतून आलं, माझ्या सुंभातून गळलं आणि खालच्या शेगडीतले निखारे चर्र करून विझले. माणसं दारात उभी राहून म्हणत होती, "थांबेल, थांबेल." दुपार कलली आणि सीता गेली. अनिल तिच्या कुशीत झोपलेला होता. मला दोघांचं वजन कळत होतं. एक गरम, एक गार होत चाललेलं.

माझा सुंभ कापून जाळला. आणि वाडीने बसून कारण शोधलं. रक्ताला दोष दिला नाही. गाडी येत नाही त्या पायवाटेला दिला नाही. वर्षानुवर्षं रस्त्याचं आश्वासन देऊन मतं घेऊन जाणाऱ्यांना तर नाहीच नाही. दोष दिला एका रात्रीच्या रिकाम्या बाजेला! ज्या डॉक्टरकडे जायलाच हवं होतं, त्याच्याकडे गेली म्हणून मेली, असं ठरलं. आणि जानूला ते पटलं, कारण तिला धाडणारा तोच होता. त्याने दुसरं लग्न केलं नाही. अनिलला आत्याने वाढवलं.

मग दिवस बदलले. डोंगराखाली ओढ्यावरच्या लाकडी साकवापर्यंत जीप येऊ लागली. बायका बाळंतपणाला दवाखान्यात जाऊ लागल्या आणि आल्या की गादीवर निजू लागल्या. मी पडवीत आले. खोटं कशाला बोलू? मला वाईट वाटलं. कुठल्या घरात मूल रडलं की माझे दांडे ताणले जात. वाटायचं, येतील, आता मला न्यायला येतील. कुणी यायचं नाही. कोंबडी यायची.

आणि यंदा शिमगा जवळ आला असताना खरंच कुणीतरी आलं. जानू. केस पांढरे, पाठीला बाक. मला एकट्याने खांद्यावर घेऊन तो घरी गेला. अनिलची बायको रसिका हिला नववा लागला होता. जानूने मला घासलं, उन्हात घातलं, नवा सुंभ आणून स्वतः विणलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगावर माणसाचा हात! रसिका माझ्यावर आडवी झाली आणि आतल्या बाळाने लाथ मारली, ती मला कळली. माझी एकच इच्छा होती, हिने इथून हलू नये.

सरकारी आरोग्य केंद्राची आशाताई ज्ञानेश्वरी दोनदा सांगून गेली होती, "तात्या, हिच्या अंगात रक्त कमी हाय. रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात आधीच जाऊन राहूदे. कळा सुरू झाल्यावर हा डोंगर कसा उतरायचा?"

जानू मान हलवायचा. "बाज घरात आलेली हाय. रिकामी टाकून पोर जायाची नाय. एकदा केलाय ता पुरे झाला."

रसिकाही कचरत होती. तिच्या बहिणीला एका दवाखान्यात ओरडली म्हणून नर्सने मांडीवर चापट मारली होती, वर "तेव्हा लाज नाय वाटली?" असं ऐकवलं होतं. दवाखान्यातल्या लोकांनो, हेही ऐका. तुमच्याकडे औषध आहे, बाटली आहे, सुई आहे. आणि बाई तुमच्या दाराशी येऊन मागे फिरते ती तुमच्या तोंडाला भिऊन. तिच्या मरणात तुमचीही चापट असते.

शिमगा झाला. पालखी देवळात परत बसली, पुरुष मुंबईला गेले, अनिलही गेला. आणि एका सकाळी, रसिका भाकऱ्या थापत असताना, कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश होता. ज्ञानेश्वरी धावत आली. तिने रसिकाला तपासलं, फोन लावला आणि म्हणाली, "अँब्युलन्स साकवापाशी येतेय. चला."

जानू दारात आडवा उभा राहिला. "नाय."

"बाबा, मला भीती वाटतेय," रसिका म्हणाली.

"मलाही वाटतेय, पोरी. म्हणूनच बोलतंय, हलू नको. तुळसाकाकीला बोलवू."

तुळसा आली ती काठी टेकत. तिचे हात आता चहाची बशीसुद्धा धरत नाहीत. तिने ते थरथरते हात जानूसमोर धरले. "ह्या हातांत देतंस सुनेला? बघ नीट. आनी तेव्हा हे धड होते, तरी काय उपेग झाला?"

"काकी, तेव्हा बाज रिकामी..."

"बाज गेली खड्ड्यात!" तुळसा ओरडली. "सीता बाजेपायी नाय मेली, जान्या. रगत थांबला नाय म्हनून मेली. ता थांबवायला माझ्यापाशी कायच नव्हता. तू तिला डॉक्टरकडे धाडलंस ता बरोबर केलंस. परत कशाला आनलीस, ह्या एवढाच चुकला. इतकी वर्सां तुला हा सांगायला हवा होता, पन लोक माझ्या हाताला नावां ठेवतील म्हनून बाजेवर ढकललेला मलाही बरा वाटला."

जानू माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो मला मोडणार.

"पन रिकामी..." तो पुटपुटला. इतक्या वर्षांची भीती एका वाक्याने जाते थोडीच!

तुळसाने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, मग रिकामी कोन सोडायला सांगताय? तिलाच वर घाल आनी बाज उचल!"

मित्रांनो, वाडीत पुरुष म्हणावा तर जानू आणि दोन म्हातारे. मला उचललं ते बायकांनी. पुढे जानू आणि ज्ञानेश्वरी, मागे दोन शेजारणी, बाकीच्या आलटून पालटून. चौघांच्या खांद्यावर मी वर आणि माझ्यावर बाई. हे कशासारखं दिसतं ते सगळ्यांच्या मनात आलं आणि कुणी बोललं नाही. बोलली ती रसिकाच. कळ ओसरताच म्हणाली, "अगो, जिवंत हाय मी! तोंडां तशी करू नका. आनी डावीकडचा खांदा वर घ्या, मी घसरतेय." बायका हसल्या, रडल्या, आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरत राहिल्या. उन्हाने दगड तापले होते. एकीची चप्पल तुटली, ती तशीच अनवाणी चालली. रसिकाच्या मुठी माझ्या दांड्यावर आवळल्या होत्या. मी एकदाही कुरकुरले नाही.

साकवापाशी गाडी उभी होती. रसिकाला त्यांच्या स्ट्रेचरवर घेतलं, ज्ञानेश्वरी आत चढली, दार लागलं. धूळ उडाली आणि खाली बसली. मी रस्त्याच्या कडेला काजूच्या झाडाखाली उरले. रिकामी.

जानूने माझ्याकडे पाहिलं. मग गाडी गेली त्या वळणाकडे पाहिलं. आणि तो माझ्यावर येऊन बसला.

"तात्या, घरी चला," बायका म्हणाल्या.

"जावा तुमी. मी हितंच हाय."

तो बसूनच राहिला. तहान लागली तरी साकवाखालच्या पाण्यावर गेला नाही. कुणीतरी तांब्या आणून दिला, भाकरी आणून दिली. जीपवाला थांबून म्हणाला, "काय तात्या, दुकान मांडलाव की काय?" जानू हसला नाही. ऊन सरकलं तसा तो माझ्यावरच सरकला. उठला नाही. वळणावर गाडीचा आवाज आला की तो माझा दांडा घट्ट धरायचा. आयुष्यभर मी बायांची भीती वाहिली. पुरुषाची त्या दिवशी पहिल्यांदा.

उन्हं तिरपी झाली तेव्हा फोन वाजला. ज्ञानेश्वरी होती. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "तात्या, मुलगी झाली! रसिका बरी हाय. ऐका, हिचाही रगत खूप गेला. थांबत नव्हता. पन सुई दिली, दोन बाटल्या रक्त चढवला. थांबला. ऐकताव ना? थांबला!"

जानूने फोन कानाला तसाच धरून ठेवला. ती बोलायची थांबली तरी धरून ठेवला. मग म्हणाला, "सीतेचा असाच होता गो." आणि रडला. मूल रडतं तसं, मोठ्याने, भर रस्त्यात.

रडून झाल्यावर तो उठला. डोळे पुसले आणि घराकडे चालू लागला. नारळ नाही, तांदूळ नाही, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी काजूखाली रिकामी पडले होते आणि जगात कुणाचं काही वाईट होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला घरी नेलं. रसिका आली तेव्हा मुलीला कुशीत घेऊन माझ्यावरच निजली. दोन नारळांचं वजन. मी काय सांगू तुम्हाला! सव्वा महिना संपला तेव्हा मला वाटलं, अजून एक दिवस, एकच. पण त्यांनी मला पडवीत ठेवलं, आणि ठेवायलाच हवं होतं.

तर मित्रांनो, मला जपा. माझ्या पायांना वाळवीचं औषध लावा, सुंभ सैल झाला तर ताणा. माझी जागा बाळंतपणानंतरची आहे. आई आणि मूल जिवंत घरी आले की मग मला हाक मारा, मी वर्षानुवर्षं वाट बघीन. आणि वाडीपर्यंत गाडीचा रस्ता करा! बायकांच्या खांद्यांवर वाडी चालवताना तुम्हाला लाज वाटत नाही का? मी फणसाच्या लाकडाची, माझं सांगणं काय तुम्ही ऐकणार. पण एवढं लक्षात ठेवा. एखाद्या घरात मी रिकामी दिसले तर घाबरू नका. त्या घरातली बाई वेळेवर दवाखान्यात पोचली, एवढाच त्याचा अर्थ.