ट्रिपल ए

गीताबाई त्या रविवारी बिडकीनहून शहरात आल्या त्या चपलांसाठी. गुलमंडीत चांगल्या चपला घेऊन देते, असं नातीनं कबूल केलं होतं. पण संस्कृतीनं त्यांना आधी नेऊन बसवलं ते एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. तिच्या आवडत्या लेखकाचं कथावाचन होतं म्हणे. "तासाभरात संपतंय आज्जी, तोवर गप बस," अशी वर तंबी. आता घ्या! चपला राहिल्या बाजूला, आणि बाई बसल्या पंख्याखाली अंतराळातल्या गोष्टी ऐकत.

लेखकाचं नाव अभय. चाळिशी उलटलेला, डोक्यावर विरळ झालेला, पण बोलायला मोकळाढाकळा.

"मी विज्ञानकथा लिहायला लागलो ती पुस्तकं वाचून नाही," तो माइकवर म्हणाला. "इथं मागच्याच गल्लीत बद्रीनाथशेठचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्र्याण्णव साल. मी सातवीत."

गीताबाई ताठ झाल्या. त्या पार्लरची झाडलोट सहा वर्षं त्यांनीच तर केली होती!

"तिथं एक यानाचं मशीन होतं," अभय सांगत होता. "रात्री बंद केलं की सगळे आकडे पुसले जायचे. सकाळी पाटी कोरी. पण आम्ही कधीही जावं, पहिल्या नंबरावर एकच नाव. ए ए ए. आम्ही त्याला ट्रिपल ए म्हणायचो. गल्लीतल्या अविनाशला धरलं, अन्वरला धरलं. मला तर दोनदा मार बसला, का तर माझं नावही ए वरून!"

हॉल खो खो हसला.

"मग एक दिवस शाळा बुडवून मी उघडायच्या आधीच दारात जाऊन बसलो. शेठनी बाहेरून शटर वर केलं, मी पहिला आत घुसलो, आणि बघतो तर काय, ए ए ए हजर! मी म्हटलं, हे काही माणसाचं काम नाही. हा कुणीतरी परग्रहावरचा आहे. तीच माझी पहिली गोष्ट." त्यानं पुस्तक उघडलं आणि आवाज लावून वाचलं, "शटर वर गेलं. आत कुणीच नव्हतं."

"व्हतं की!"

सगळ्या माना मागं वळल्या. गीताबाईंनी तोंडावर पदर धरला, पण काय उपयोग? शब्द तर निसटला होता.

ही गोष्ट त्यांनी आयुष्यात एकदाच तोंडाबाहेर काढली होती, नवऱ्यापाशी. मशिनीवर माझा पहिला नंबर येतो, असं म्हणाल्या, तर कडुबा इतका हसला, इतका हसला, की चहा नाकातून बाहेर आला. पुढं महिनाभर जो घरी येईल त्याला तो ते सांगत सुटला. तेव्हापासून बाईंनी ओठ शिवले ते शिवलेच. हसतील ही धास्ती आजही होतीच. पण आत कुणीच नव्हतं? हे ऐकून मात्र त्यांना राहवलं नाही.

"आज्जी, काय करायलीस?" संस्कृतीनं हात ओढला.

"सोड गं!" गीताबाई उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत. "मी व्हते आत. मागच्या दारानं यायचे. शेठ म्हणायचे, झाडून झालं की मशिनी चालू कर, एकेक डाव खेळून बघ नीट चालत्यात का. म्हणून खेळायचे."

"आणि ते नाव?" अभयनं विचारलं. "ए ए ए?"

"मला कुठं इंग्रजी येतंय? डाव संपला की अक्षरं लुकलुकायची. बटन दाबल्याबिगर हटायचीच नायत. मी आपलं तीनदा दाबायचे अन् फडकं घेऊन पुढच्या मशिनीकडं."

झालं! हॉलभर हशा पिकला. गीताबाईंचा चेहरा पडला. पुन्हा तोच चहा, पुन्हा तेच नाक, असं वाटून त्या खाली बसायला लागल्या.

पण अभय हसत नव्हता. तो स्टेजवरून उतरून तडक त्यांच्या खुर्चीपाशी आला.

"मावशी, त्या मशीनची दांडी मोडकी होती. यान डावीकडं जायचंच नाही. तिसऱ्या लढाईत सगळे शत्रू डावीकडून यायचे आणि आम्ही पोरं पटापट मरायचो. ट्रिपल ए मात्र पार व्हायचा. कसा, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणून तर गोष्टीत मी त्याला तीन हात दिले!"

"त्याला तीन हात कशाला पाहिजेत?" गीताबाई म्हणाल्या. "उजवीकडंच जात राहायचं. पार कडंपर्यंत. तिकडं बुडालं की यान डाव्या अंगानं वर निघतंय."

"पण कडेला तर तांबडी रेघ होती. तिला शिवलं की मेलो, असं आम्ही सगळेच..."

"शिवून बघितलं व्हतं का कुणी?"

अभयनं कपाळावर हात मारला. बत्तीस वर्षं! अख्ख्या गल्लीतल्या एकाही शूरवीरानं ती रेघ ओलांडून पाहिली नव्हती. आणि मग तो असा काही हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं वाकून, भर हॉलमध्ये, गीताबाईंच्या पायांना हात लावला. मघाशी हसणारे लोक आता टाळ्या वाजवत होते, आणि संस्कृती तर खुर्चीवर चढून ओरडत होती, "माझी आज्जी हाय! माझी!" गीताबाईंना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही त्यांनी येऊ दिलं.

"त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं, मावशी," अभय हळू आवाजात म्हणाला. "आता आठवतंय. मशीनच्या बाजूला एक बाई उभी होती. मी तुम्हाला धरलंच नाही."

त्यानं खिशातून पेन काढलं, पुस्तकाचं ते पान उघडलं आणि 'कुणीच नव्हतं' वर आडवी रेघ मारली. मग त्यानं त्यांचं नाव विचारलं, आणि लिहिता लिहिताच मोठ्यानं वाचलं, "शटर वर गेलं. आत गीताबाई होत्या."

गीताबाईंनी डोळे पुसले आणि पानाकडं बोट दाखवलं.

"हातात झाडू व्हता," त्या म्हणाल्या. "ते बी लिव्ह."