गाणारीची खुर्ची

बिलिंग काउंटरमागची स्टुलं गणपतीच्या आधी उचलली गेली. का, तर बसून बिल करणारी बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते! ज्या कुणा शहाण्याला हे सुचलं, त्याला ते गुबगुबीत खुर्चीत बसूनच सुचलं असणार. त्या न पाहिलेल्या माणसाला निरुपमा तेव्हापासून रोज मनातल्या मनात शेलक्या शिव्या देत होती.

बडोद्याच्या गोत्री भागातलं हे दुकान एका बड्या कंपनीचं. अशी तिची देशभर दुकानं. डाळ-तांदळापासून चादरींपर्यंत सगळं एका छपराखाली, थंडगार एसी, आणि काउंटरवर सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या बायका. निरुपमा पन्नाशीला टेकलेली, रोज दांडिया बाजारातून बसने यायची. नवरा गेल्यापासून घर तिच्याच पगारावर, आणि पगार असा की महिनाअखेरीस दूधवाल्यापुढे तोंड चुकवावं लागे. तेही तिने चालवून घेतलं असतं, पण पाय ऐकेनात. पोटऱ्यांवरच्या शिरा हिरव्यानिळ्या होऊन टम्म फुगल्या होत्या. डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, "बसून काम करा, नाहीतर ऑपरेशन."

ती पुन्हा एकदा मॅनेजरकडे गेली. मॅनेजर कुणाल काही परका नव्हे, तिच्याच गल्लीतला. लहानपणी क्रिकेट खेळताना तिच्या खिडकीची काच फोडून तिच्याच घरात लपलेला. पण दुकानात पाऊल टाकलं की हा गुजरातीच बोलायचा, आणि घरच्या मावशीची इथे 'बेन' होऊन जायची.

"निरुपमाबेन, मी काय करू? वर हेड ऑफिसला सगळं कॅमेऱ्यात दिसतं," तो गुजरातीतच म्हणाला. मग मोबाइलमधून डोकं वर न काढताच पुढे म्हणाला, "बसायचंच असेल तर घरी बसा ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे मेल्या, तुझी आई मला ताई म्हणते! पण नोकरी गेली तर खायचं काय? तोंडाशी आलेले शब्द गिळून ती बाहेर आली. शेजारच्या काउंटरवरच्या अवनीने तिचा चेहरा पाहिला.

"जवा दो ने, मासी," अवनी म्हणाली.

"का जाऊ द्यायचं?" निरुपमाने विचारलं. अवनी पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलाकडे वळली.

नवरात्र आलं आणि कंपनीने नवं खूळ काढलं. प्रत्येक दुकानातल्या बायकांनी रोज संध्याकाळी दारापाशी गरबा करायचा आणि तो मोबाइलवरून लाइव्ह दाखवायचा. कधी? चहाच्या सुट्टीत! म्हणजे दिवसभरात जी काय दहा मिनिटं बूड टेकायला मिळायची, तीही गेली. शिवाय तयार गाणी लावायची नाहीत, हक्काबिक्काची भानगड होते, कुणीतरी प्रत्यक्ष गायचं. कुणालचे डोळे निरुपमाकडे वळले. भोंडला असो की गरबा, तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ठाऊक होता.

"बेन, तुम्ही गाणार. एकदम आपल्या बडोद्याची ष्टाइल पाहिजे हं!"

"बडोद्याची? मग गाणारी मधोमध बसणार," निरुपमा म्हणाली. "फेर तिच्याभोवती धरायचा. लहानपणापासून बघतोयस की."

कुणाल घुटमळला. खोटं तरी कसं म्हणणार? गाणारे मध्ये बसतात आणि सगळं मैदान त्यांच्याभोवती फिरतं, हे बडोद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्यात लाइव्हची वेळ झालेली. शेवटी तो आपल्या केबिनमधली चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आला.

निरुपमा बसली. अगं आई गं! पाय मोकळे झाले तसं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण महिनाभर हात जोडत होतो, याची तिला लाज वाटली आणि मग भयंकर राग आला. त्या रागातच तिने अंबामातेचा गरबा असा खड्या आवाजात उचलला की भाजी निवडणारी गिऱ्हाइकं हातातली वांगी टाकून धावत आली. पोरींनी टाळ्या देत फेर धरला. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल.

गरबा संपला, टाळ्या पडल्या. काउंटरवर रांग खोळंबलेली होती. निरुपमा उठली नाही. तिने पायाने जमिनीला रेटा दिला आणि खुर्चीसकट घरंगळत थेट आपल्या काउंटरमागे गेली.

"चला, कोणाचं बिल?"

कुणाल मागोमाग धावला. "बेन, खुर्ची!"

"हो, छान आहे."

"उठा ना. वर कॅमेऱ्यात दिसतंय."

"तुझ्या हातातल्या मोबाइलवरही दिसत असेल. तो कुठे बंद केलायस?"

त्याने दचकून लाइव्ह बंद केलं. पण गिऱ्हाइकांचे मोबाइल कसे बंद करणार? रांगेतल्या पहिल्याच आजीबाई त्याच्यावर खेकसल्या, "बेसवा दे ने, भाई! बिल तो करे छे!"

तेवढ्यात अवनीने दुधाच्या पिशव्यांचा रिकामा क्रेट ओढला, उपडा घातला आणि त्यावर बसली. तिच्यापलीकडच्या दोघींनीही तेच केलं. मशीनचं टिंग-टिंग मात्र चालूच.

कुणालचा फोन वाजू लागला. हेड ऑफिस. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दुकानात त्याच्या तोंडून मराठी निघालं.

"मावशी, प्लीज उठा. माझी नोकरी जाईल हो."

तिला त्याची दया आली. काच फोडून लपलेला तोच पोरगा होता तो. पण त्या दिवशी तिने त्याला पाठीशी घातलं होतं, आज घालणार नव्हती.

"माझीही जाईल. उचल फोन."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, निरुपमाबेन बसल्यात, आणि बाकीच्याही बसल्यात. आम्हाला घरी बसवायचं असेल तर म्हणावं इथे या, सकाळपासून रात्रीपर्यंत या काउंटरमागे उभे राहा, आणि मग सांगा."

एवढं बोलून तिने आजीबाईंची पिशवी पुढे ओढली आणि बसल्या बसल्या बिल करू लागली.